गेलेल्या बुळकांडीची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'बुळकांडी' हा शब्द आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकला असेल, पण बहुधा थट्टेत. लग्नाच्या पंगतीत जिलबीवर आडवा हात मारलेल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी सारखे परसाकडे धावावे लागले, की कुणीतरी हमखास म्हणायचे, "लागली वाटतं बुळकांडी!" आम्ही मुले खो खो हसायचो. माझी आजी मात्र कधी हसली नाही. "असलं अभद्र नाव तोंडातून काढू नका रे, गोठ्यात गुरं बांधलीत," असे म्हणून ती आम्हांला दटावायची. हगवणीचा आणि गोठ्यातल्या गुरांचा काय संबंध, हे आम्हांला कळत नसे. तिलाही आम्हांला समजावून सांगावेसे वाटले नाही.

तो संबंध पुढे वाचनात कळला. बुळकांडी हा गाईबैलांचा आणि म्हशींचा रोग. इंग्रजीत त्याला रिंडरपेस्ट म्हणतात. हा शब्द मुळात जर्मन, अर्थ गुरांची महामारी. आधी जनावराला सणकून ताप भरायचा. ते रवंथ सोडायचे, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहू लागायचे. मग हिरड्यांवर, जिभेखाली, ओठांच्या आत बारीक चट्टे यायचे, जणू तोंडात कोंडा भुरभुरून टाकलाय. आणि त्यानंतर ती दुर्गंधी हगवण. पिचकारीसारखी. आठ-दहा दिवसांत जनावराच्या अंगातले सारे पाणी निघून जायचे, डोळे खोल जायचे आणि ते मान टाकायचे. नव्या मुलखात रोग शिरला तर शंभरांतली ऐंशी-नव्वद जनावरे जात. आपल्या मैदानी मुलखातल्या देशी गुरांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने थोडा कणखरपणा आलेला होता, त्यामुळे इथे मृत्यूचे प्रमाण त्याहून कमी असे. पण एका पावसाळ्यात गावातली तिसऱ्या हिश्शाने गुरे गेली, तर 'कमी' या शब्दाला त्या गावात काय अर्थ उरतो?

त्या काळचा बैल म्हणजे काय होता, हेही लक्षात घेतले पाहिजे. नांगर त्याच्यावर, मोट त्याच्यावर, मळणी त्याच्यावर, बाजाराला जाणारी गाडी त्याच्यावर. जूनमध्ये बैलजोडी गेली की त्या वर्षीची पेरणी गेली. पेरणी गेली की सावकाराचे दार. माणसांची साथ आली तर माणसे मरत, गुरांची साथ आली तर माणसे सावकाश मरत, एवढाच फरक. त्यामुळे लोक जे सुचेल ते करीत. गावोगाव मरीआईचा गाडा काढायची पद्धत होती. नैवेद्य, हळदकुंकू, लिंबू असे सगळे गाड्यात घालून तो वाजतगाजत वेशीबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आपल्या शिवारातून आणखी पुढे ढकलायचा. आपण या प्रकाराला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण रोग एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्त्याने चालत जातो, एवढे निरीक्षण त्यात नक्की होते. चूक एवढीच, की गाड्याबरोबर गुरेही चालत जात.

सरकारचे निरीक्षण याहून फार वरच्या दर्जाचे होते असे नाही. उत्तर हिंदुस्थानात १८५० आणि १८६०च्या दशकांत गुरे पटापट मरू लागली, तेव्हा अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनी संशय घेतला तो चामड्याचे काम करणाऱ्या जातींवर. कातड्यासाठी हे लोक गुरांना सोमल घालतात, असे पोलिसांचे अहवाल सांगत. विषप्रयोगाचे प्रकार मुळीच घडत नसतील असे कोणी म्हणणार नाही. परंतु मेलेले ढोर ओढून नेणे हेच ज्यांच्या वाट्याला आले होते, ती माणसे प्रत्येक मेलेल्या ढोराजवळ दिसणारच. साथीचा रोग आणि विष यांतला फरक सांगू शकेल असा जाणकार जवळ नसला, की गरिबाच्या गळ्यात दोष बांधणे सोपे जाते. रोगाचे अचूक निदान ही केवळ जनावरांच्या कामाची गोष्ट नाही, हे इथे दिसते.

त्याच सुमाराला, १८६५ साली, हा रोग बाल्टिक किनाऱ्यावरच्या एका रशियन बंदरातून आलेल्या गुरांबरोबर इंग्लंडात शिरला. दोन वर्षांत तिथली सुमारे चार लाख जनावरे गेली. इंग्लंडने शेवटी जनावरांची ये-जा बंद करून आणि लागण झालेली गुरे सरसकट मारून तो आटोक्यात आणला. घरची गुरे मरू लागल्यावर साम्राज्यातल्या गुरांचीही आठवण झाली. १८६८ मध्ये हिंदुस्थान सरकारने गुरांच्या साथीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. अध्यक्ष होते लष्करातले पशुवैद्य हॅलन. हे गृहस्थ पुण्याला परके नव्हते. १८६२ साली तिथे लष्करी पशुवैद्यकाची शाळा त्यांनीच सुरू केली होती. आयोगाचा अहवाल १८७१ मध्ये आला. इथे प्रांतोप्रांती वेगवेगळ्या नावांनी ओळखला जाणारा हा रोग युरोपातल्या रिंडरपेस्टहून निराळा नाही, हे त्यात निःसंदिग्धपणे सांगितले होते. मात्र इंग्लंडचा उपाय इथे चालणारा नव्हता. गुरे मारून रोग थांबवा, असे या देशात कोणत्या तोंडाने सांगणार? आणि ज्या शेतकऱ्याकडे एकच जोडी आहे त्याला भरपाई तरी कोण देणार? म्हणजे जनावर जिवंत ठेवून रोग मारायचा, हा एकच मार्ग उरत होता, आणि तो जगात कोणालाच ठाऊक नव्हता.

या मार्गाच्या शोधाची सुरुवात आपल्या पुण्यात झाली, हे फारसे कोणाला माहीत नसते. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे जे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावाजले त्या संस्थेत, 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' स्थापन झाली. मुंबईला परळचे पशुवैद्यक महाविद्यालय त्याआधी तीन वर्षे, १८८६ साली निघाले होते. तिथे पशुवैद्य घडवले जात. पुण्याच्या प्रयोगशाळेचे काम मात्र संशोधनाचे होते. प्रमुख म्हणून आले डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. त्यांचा बराचसा वेळ घोड्यांच्या सर्रा नावाच्या रोगात गेला. सरकारचे घोडदळ घोड्यांवर चालत होते आणि शेतकऱ्याचा नांगर बैलांवर. त्यातले सरकारला आधी काय दिसणार, हे सांगायला नको.

चार वर्षांत प्रयोगशाळेने पुणे सोडले. कारण उघड होते. इतक्या झपाट्याने पसरणाऱ्या रोगांचे जंतू गजबजलेल्या शहरात आणि सभोवती गुरांनी भरलेल्या मुलखात बाळगणे म्हणजे गंजीशेजारी चूल मांडण्यासारखे होते. माणूस आणि गुरे या दोहोंपासून दूर, शिवाय थंड अशी जागा हवी होती. ती कुमाऊंच्या डोंगरात, साडेसात हजार फुटांवर, मुक्तेश्वर येथे मिळाली आणि १८९३ साली बिऱ्हाड तिकडे हलले. देवदार आणि ओकची दाट जंगले, समोर हिमालयाची बर्फाच्छादित रांग आणि शिखरावर शंकराचे देऊळ. या जंगलात वाघही होते. जिम कॉर्बेट यांनी आपल्या 'द टेम्पल टायगर अँड मोअर मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' या १९५४ सालच्या पुस्तकात मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीची हकीकत सांगितली आहे, त्यात या संस्थेचाही उल्लेख आहे. साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमावलेली ती वाघीण ज्या डोंगरात फिरत होती, त्याच डोंगरात काही माणसे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती.

आता थोडा वेळ आपल्याला आफ्रिकेत जावे लागेल, कारण या रोगाचे सर्वांत भीषण रूप जगाने तिथे पाहिले. १८८०च्या दशकाच्या अखेरीस बुळकांडी लाल समुद्राच्या किनाऱ्यावरून आफ्रिकेच्या पूर्व भागात उतरली. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर ती आली आणि ती गुरे हिंदुस्थानातून निघाली होती, असे बहुतेक इतिहासकार मानतात. इथिओपियातली दहांपैकी नऊ गुरे मेली. मागोमाग दुष्काळ आला आणि त्यात देशाची एक तृतीयांश लोकसंख्या गेली असावी, असा अंदाज केला जातो. मसाईंसारख्या गुरांवरच जगणाऱ्या लोकांचे कळपच्या कळप नाहीसे झाले. रोग दक्षिणेकडे सरकत १८९६ साली दक्षिण आफ्रिकेत पोहोचला. तिथल्या सरकारने जर्मनीहून थेट रॉबर्ट कॉख यांनाच बोलावणे पाठवले. क्षयाचा आणि पटकीचा जंतू शोधून काढणारे हे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ किंबर्लीला जाऊन बसले. काही आठवड्यांतच त्यांनी एक विचित्र पण उपयोगी गोष्ट दाखवून दिली. रोगाने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचले, तर त्याला संरक्षण मिळते. उपाय ओबडधोबड होता. एका जनावराचे पित्त फार थोड्या जनावरांना पुरे, आणि कधीकधी टोचण्यातूनच रोग व्हायचा. पण पहिल्यांदाच हातात काहीतरी आले.

किंबर्लीहून कॉख थेट जर्मनीला परतले नाहीत. १८९७ च्या मे महिन्यात ते मुंबईत आले, कारण इथे माणसांची महामारी चालू होती. प्लेगचा अभ्यास करायला जर्मनीने पाठवलेल्या पथकाचे नेतृत्व त्यांनी गाफ्की यांच्याकडून आपल्या हाती घेतले. तो काळ आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच जूनमध्ये पुण्यात रँडचा वध झाला. या सगळ्या धामधुमीत त्या वर्षी कॉख, गाफ्की आणि फायफर हे तिघे लिंगार्ड यांच्या निमंत्रणावरून मुक्तेश्वरलाही जाऊन आले. किंबर्लीचा अनुभव असा मुंबईमार्गे कुमाऊंत पोहोचला.

पुढची पायरी रक्तजलाची. बुळकांडीतून वाचलेल्या जनावराच्या रक्तातला पातळ भाग, म्हणजे सीरम, दुसऱ्याला टोचला की तात्पुरते संरक्षण मिळते. आणि एका बाजूला रोगट रक्त व दुसऱ्या बाजूला सीरम असे एकाच वेळी टोचले, तर जनावराला सौम्य रोग होऊन टिकाऊ प्रतिकारशक्ती येते. १९०२ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे निकोल आणि आदिल बे यांनी दाखवून दिले, की या रोगाचे कारण जिवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही आरपार जाते. आजच्या भाषेत, तो विषाणू आहे. म्हणजे लिंगार्ड आणि त्यांचे समकालीन ज्याला सूक्ष्मदर्शकातून शोधत होते, तो तिथे दिसणे शक्यच नव्हते.

मुक्तेश्वरला मग सीरमचा कारखानाच उभा राहिला. कुमाऊंची डोंगरी गुरे या रोगाला चटकन बळी पडतात. म्हणून विषाणू जिवंत राखायला आणि सीरमची ताकद पारखायला तीच वापरली जात. किती बैल त्या टेकड्यांवर रक्त देऊन आणि रोग भोगून गेले असतील! या विषयावरच्या लेखनात त्यांचा उल्लेख सहसा 'मात्रां'च्या आकड्यांत येतो. प्राण्यांच्या आरोग्याचा इतिहास प्राण्यांनीच भरलेल्या किमतीवर उभा आहे, आणि ती किंमत टाळता आली असती असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. पण ती मोजली मात्र जावी.

सीरम महाग पडे. शिवाय रोगट रक्त टोचताना त्या रक्तातले दुसरेच परजीवी, गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचे, नव्या जनावरात शिरत आणि शेतकरी म्हणे, बरा होता बैल, डॉक्टरने मारला. ही अडचण सोडवताना एक अनपेक्षित लाभ झाला. १९२०च्या दशकात मुक्तेश्वरचे संचालक होते जे. टी. एडवर्ड्स. गाईच्या रक्तातले ते परजीवी शेळीत वाढत नाहीत, तेव्हा विषाणू शेळ्यांतून नेला तर तो 'स्वच्छ' होईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. एका शेळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असा तो शेकडो वेळा नेला गेला. हळूहळू लक्षात आले, की शेळीच्या अंगात राहून राहून हा विषाणू निवळला आहे. बैलाला टोचला तर थोडा ताप येतो, बैल मरत नाही आणि नंतर बुळकांडी त्याला शिवत नाही. सीरमची गरजच उरली नाही! शेळीच्या प्लीहेपासून केलेली ही लस स्वस्त होती आणि मैदानी मुलखातल्या देशी गुरांना उत्तम मानवली. बुळकांडीविरुद्धच्या लढाईत हिंदुस्थानने जगाला दिलेली ही सर्वांत मोठी देणगी. ती कुठल्या महागड्या यंत्रातून आलेली नाही. शेळ्यांच्या कळपातून आली.

मधल्या काळातली एक घटना सांगायला हवी. १९२० साली ब्राझीलला निघालेली हिंदुस्थानी गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात काही दिवस थांबली. ब्राझीलला आपल्या वशिंडाच्या जाती फार आवडत. तिथली 'नेलोर' गुरे म्हणजे आपल्या आंध्रातल्या ओंगोलचीच वंशज. त्या मुक्कामात बुळकांडी बेल्जियममध्ये सुटली. युरोप हादरला. पुढच्या वर्षी पॅरिसला परिषद भरली आणि १९२४ मध्ये २८ देशांनी मिळून जनावरांच्या रोगांसाठी एक आंतरराष्ट्रीय कार्यालय काढले. आज तिला जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणतात. माणसांच्या आरोग्यासाठीची जागतिक संघटना १९४८ सालची. गुरांची तिच्याहून चोवीस वर्षांनी मोठी.

स्वातंत्र्यानंतर मुक्तेश्वर आणि बरेलीजवळच्या इज्जतनगरची ही संस्था 'भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था' झाली. १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाची मोहीम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि दोन वर्षांत ती देशभर पसरली. पाच वर्षांत ऐंशी टक्के गुरांना लस द्यायची, असे लक्ष्य होते. खेड्यापाड्यांत बर्फाची पेटी घेऊन सायकलवर, बैलगाडीवर, पायी हिंडणाऱ्या लस टोचणाऱ्यांनी हे काम केले. गावात डॉक्टर आला की गुरे रानात हाकून देणारेही असत. गाभण गाय टाकेल, म्हैस आटेल, अशी भीती. ती अगदी निराधार नव्हती. शेळीची लस म्हशींना, डोंगरी गुरांना आणि पुढे आलेल्या संकरित गाईंना जरा जडच जाई. तरीही वर्षाला हजारोंच्या घरात होणारे उद्रेक काही शेकड्यांवर आले.

आणि तिथेच अडकले. तीस वर्षे! सगळे म्हणत होते, बुळकांडी जवळजवळ गेली. त्या 'जवळजवळ'मध्येच सगळी गोम होती. लस सगळीकडे थोडी थोडी दिली जाई, आणि जिथे रोग खरोखर दबा धरून बसला होता तिथे पुरेशी पोहोचत नसे. दुष्काळी भागातली गुरे चाऱ्यासाठी चालत दूर जात, बाजारातून बाजारात विकली जात. दक्षिणेच्या पठारी राज्यांत रोग या वाटांनी धुगधुगत राहिला. भरीस भर, अर्धवट लसीकरणाने रोग झाकला जाई. एखादे जनावर मरे, तेव्हा ते लाळ-खुरकूत आहे की आणखी काही, अशी शंका घेण्यात वेळ जाई.

दरम्यान केनियातल्या मुगुगा येथे वॉल्टर प्लाउराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर विषाणू वाढवून, साधारण नव्वद वेळा एकातून दुसरीकडे नेऊन, १९६०च्या सुमाराला एक नवी लस तयार केली होती. ती सर्व जातींच्या, सर्व वयांच्या गुरांना चालत असे, गाभण गाईंनाही. तिची एकच नाजूक बाजू होती, ती म्हणजे बर्फाशिवाय टिकत नसे. १९८०च्या दशकाअखेर अमेरिकेतले जेफ्री मरिनर यांनी सुकवण्याची पद्धत बदलून तीच लस महिनाभर बर्फाविना टिकेल अशी केली. मग दक्षिण सुदानच्या यादवीत, जिथे एकही पशुवैद्य पोहोचू शकत नव्हता, तिथे गुराख्यांनाच टोचायला शिकवून ती त्यांच्या पिशवीत दिली गेली. या गुराख्यांना रोग ओळखायला शिकवावे लागले नाही. कुठल्या कळपात तो केव्हा आला, कुठल्या पाणवठ्यावरून आला, हे त्यांना तोंडपाठ होते. शास्त्रज्ञांनी वह्या घेऊन त्यांच्यासमोर बसायला सुरुवात केली, तेव्हा आफ्रिकेतले शेवटचे अड्डे सापडू लागले.

आपल्याकडे १९९२ साली युरोपीय समुदायाच्या मदतीने नवा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला, आणि त्यात वरकरणी उलटा वाटेल असा निर्णय होता. टप्प्याटप्प्याने लस बंद करायची! कारण असे, की लस दिलेल्या आणि रोगातून उठलेल्या जनावराचे रक्त तपासले तर दोन्हींत सारखेच प्रतिद्रव्य दिसते. जोवर लस चालू आहे तोवर रोग आहे की नाही, हे रक्त सांगू शकत नाही. लस थांबवायची, तिच्याविना जन्मलेली वासरे मोठी होऊ द्यायची आणि त्यांच्या रक्तात काही सापडते का ते पाहायचे. विचार करा, चाळीस वर्षे ज्या सुईच्या जोरावर झोप लागत होती ती सुई खाली ठेवायची. साथ पुन्हा उसळली तर जबाबदार कोण? सही करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनाची घालमेल कोणत्याही अहवालात येत नाही. मला तरी या साऱ्या इतिहासातले सर्वांत धाडसाचे पाऊल हेच वाटते.

लसीची जागा शोधाने घेतली. पथके गावोगाव फिरून एकच विचारत होती: तोंड आलेले आणि हगवण लागलेले जनावर कुणी पाहिले का? शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये तमिळनाडूतल्या उत्तर अर्काट भागात नोंदवला गेला. या शोधात आणखी एक जुना गोंधळ सुटायला मदत झाली. शेळ्यामेंढ्यांत जी 'बुळकांडी' अधूनमधून दिसे, ती पुष्कळदा बुळकांडी नव्हतीच. तो तिचाच चुलत भाऊ शोभेल असा पीपीआर नावाचा निराळा रोग होता. भारतात त्याची पहिली पक्की ओळख १९८७ साली तमिळनाडूतल्याच अरासूर गावातल्या मेंढ्यांत पटली. तो अजून गेलेला नाही. आपल्या धनगर बांधवांना त्याची ओळख करून द्यायला नको.

भारताला २००४ मध्ये बुळकांडी रोगातून आणि २००६ मध्ये तिच्या संसर्गातून मुक्त झाल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जगातला शेवटचा उद्रेक २००१ साली केनियाच्या मेरू अभयारण्यातल्या रानरेड्यांत झाला होता. २०११ च्या मे आणि जून महिन्यांत जागतिक पशुआरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी जाहीर केले, की पृथ्वीवर बुळकांडी उरलेली नाही. देवीनंतर माणसाने समूळ नाहीसा केलेला हा दुसरा आणि आजवरचा शेवटचा रोग. प्लाउराइट यांना १९९९ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता, पण ही घोषणा ऐकायला ते नव्हते; आदल्याच वर्षी ते वारले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर कुठेतरी आली असेल. देवी गेली तेव्हा तो आनंद माणसाला स्वतःच्या अंगावर जाणवला. गुरांची साथ गेली तेव्हा निम्मा समाज गोठ्यापासून दूर गेला होता.

पण माणसाचा या विषाणूशी संबंध गोठ्यापुरताच नाही. आपल्या मुलांना होणारा गोवर हा बुळकांडीचा सर्वांत जवळचा नातेवाईक. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार या दोघांच्या वाटा इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपास वेगळ्या झाल्या असाव्यात. म्हणजे माणसाने गुरे जवळ बांधली, शहरे वसवली आणि गुरांच्या विषाणूला माणसात घर मिळाले. 'गोवर' या शब्दाची व्युत्पत्ती काही का असेना, त्याच्या सुरुवातीला 'गो' आहे, एवढी गंमत लक्षात ठेवायला हरकत नाही.

रोग गेला तरी विषाणू गेला नव्हता. जगभरच्या प्रयोगशाळांच्या शीतकपाटांत त्याच्या कुप्या पडून होत्या. इंग्लंडमधल्या पर्ब्राइट संस्थेने प्रत्येक नमुन्याची जनुकीय नोंद करून ठेवून २०१९ च्या जून महिन्यात तीन हजारांहून अधिक कुप्या नष्ट केल्या. काही साठा मात्र कडक पहाऱ्यात ठेवावा लागतो, पुन्हा कधी लस करायची वेळ आलीच तर. असा साठा सांभाळण्याची परवानगी जगात मोजक्याच ठिकाणांना आहे आणि २०२५ मध्ये त्यांत भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेचा समावेश झाला.

२०२२ साली आपल्याकडे लम्पीची साथ आली, तेव्हा हे सगळे मला पुन्हा आठवले. महाराष्ट्रातले गुरांचे बाजार बंद झाले, गावोगाव गाईंच्या अंगावर गाठी दिसू लागल्या आणि सुरुवातीला जी लस दिली गेली ती शेळ्यांच्या देवीची होती. पुन्हा शेळीच धावून आली! त्या दिवसांत एका खेड्यात लसीकरणाच्या रांगेत गाय धरून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारले, की बाबा, पूर्वी बुळकांडी यायची ती आठवते का? त्यांनी गाईच्या मानेवरून हात फिरवला, इकडेतिकडे पाहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तिचं नाव कशाला काढता इथं?"